पूर ओसरल्यानंतरची घरसफाई : विश्रामबागेतील एका डच कुटुंबाच्या सेवेचा दोन पुरांतला अनुभव

सांगलीत पूर आला की पाणी चढत असताना मदत मिळते, हे आधी नोंदवायला हवे. बोटी येतात, जवान येतात, तालीम मंडळांची पोरे कमरेइतक्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढतात, आणि शाळांमधून उघडलेल्या छावण्यांत भाकरीचे गठ्ठे गावोगावहून येऊन पडतात. खरी अडचण पाणी उतरल्यावर सुरू होते. तोवर छायाचित्रकार परतलेले असतात, छावणी बंद होत आलेली असते, आणि आपण आपल्याच दारात उभे राहून आत पाहतो तेव्हा घोट्याच्या वरपर्यंत रेंदा साचलेला असतो, फ्रीज आडवा झालेला असतो आणि कुठून हात घालावा हे सुचत नाही. या टप्प्यावर काम करणारी एक सेवा मी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये स्वतःच्या घरी घेतली. ती सांगलीच्याच विश्रामबागेत राहणाऱ्या एका डच ख्रिस्ती कुटुंबाने सुरू केली असून आता आपल्याकडचीच पंधरावीस मुले ती चालवतात. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांना तिचे गुण आणि उणिवा दोन्ही ठाऊक असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्याचे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, तेव्हा आमच्या उंबऱ्याला लागून परतले होते, आणि त्या आठवणीवर विसंबूनच २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सामान पलंगावर आणि टेबलावर चढवून ठेवले. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. कोयना आणि वारणा या दोन्ही धरणांतून विसर्ग चालू, खाली पावसाचा जोर तसाच, आणि हरिपूरच्या संगमावर वारणा फुगली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव उरत नाही, त्याचा फुगवटा शहरात शिरतो. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा आम्ही आत्याच्या घरी वरच्या मजल्यावर होतो आणि ती बातमी ऐकून आईने दिवसभर अन्नाला हात लावला नाही. घरात पाणी छातीइतके होते. ते पूर्ण उतरल्यावर आम्ही कुलूप काढायला गेलो तर कोयंड्यात गाळ बसून किल्ली फिरेना.

या कुटुंबाचे नाव मला आत्याच्या शेजारीण काकूंनी सांगितले. नवरा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अभियंता, बायको प्रशिक्षित परिचारिका, आणि त्यांना दोन मुले, मुलगी तेव्हा चौदा वर्षांची आणि मुलगा अकरा वर्षांचा. गल्लीत सगळे बायकोला सिस्टर म्हणतात आणि नवऱ्याला साहेब म्हणतात, म्हणून मीही तेच शब्द वापरते. परदेशी ख्रिस्ती माणूस सांगली-मिरजेला नवा नाही. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले आणि आजही दोन शहरांच्या मधल्या वस्तीला आपण वानलेसवाडी म्हणतो. माझ्या आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन त्याच मिशन हॉस्पिटलात झाले होते, ते बैलगाडीने मिरजेला गेले होते. त्यामुळे आई ‘मिशनची माणसं’ म्हटल्यावर बिचकली नाही, उलट तिनेच मला फोन करायला लावला.

फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते आले. नवराबायको, मुलगी, आणि कुपवाड व मिरजेतली आठ मुले. एका टेम्पोत फावडी, घमेली, खराटे, रबरी वायपर, गमबूट, हातमोजे, पाण्याचा पंप आणि एक छोटा जनरेटर. मला वाटले होते की ते आल्या आल्या कामाला भिडतील. तसे झाले नाही. साहेब दारातच उभे राहिले आणि त्यांनी स्वच्छ, थोड्या पुस्तकी मराठीत आईला विचारले, “आजी, आम्ही आत यावे का? आणि कोणत्या खोलीत आम्ही जाऊ नये?”

आईने देवघराकडे बोट दाखवले. माजघराच्या कोनाड्यात आमचे देव असतात. लाकडी देव्हारा फुगून वाकला होता आणि टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा हे सगळे गाळात कुठेतरी होते. साहेबांनी एवढेच केले की कोनाड्याभोवती खडूने एक रेघ ओढली आणि मुलांना सांगितले की या रेघेच्या आतला गाळ फावड्याने काढायचा नाही, आजी स्वतः काढतील. मग सिस्टरने आईला एक बुटके स्टूल, हातमोजे, स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या आणि स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी आणून दिली. आई सकाळभर तिथे बसून ओंजळीओंजळीने गाळ चाळणीत घेत होती, त्यावर पाणी ओतत होती आणि एकेक देव हाती लागला की तो तांब्यात ठेवत होती. अन्नपूर्णा सगळ्यात शेवटी सापडली, दुपारी बाराच्या सुमारास. तोवर बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, पण आईला कोणीही घाई केली नाही आणि तिच्या मदतीलाही न विचारता कोणी गेले नाही. या सेवेविषयी माझे जे अनुकूल मत झाले ते त्या सकाळी झाले. पूरग्रस्ताच्या घरात शिरलेला माणूस, तो कितीही भला असला तरी, पहिल्यांदा घराचा ताबा घेतो. काय टाकायचे, काय ठेवायचे, कुणी कुठे बसायचे, हे तोच ठरवू लागतो. या मंडळींनी घर आमचेच राहू दिले.

आता कामाच्या पद्धतीविषयी. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट असतो. तो ओला असतानाच काढावा लागतो, कारण दोन उन्हे लागली की त्याची खपली धरते आणि मग ती पहारीनेही नीट सुटत नाही, फरशीचा पॉलिश मात्र उचकटतो. हे गावभागातल्या जुन्या माणसांना माहीत आहे, पण पाणी उतरल्यावर वीज नसते, नळ बंद असतात, आणि एकट्यादुकट्याच्या हातून काम रेटत नाही. या गटाची रीत अशी की सगळ्यात आतल्या खोलीपासून सुरुवात करायची, गाळ वायपरने दाराकडे ओढायचा, घमेल्यांची साखळी करून तो रस्त्याच्या एका बाजूला टाकायचा आणि गटाराच्या तोंडावर कधीही टाकायचा नाही. गाळ निघाल्यावर साधे पाणी, मग साबणाचे, मग ब्लीचिंग पावडरचे. विजेचा मुख्य खटका पहिल्याच मिनिटाला खाली ओढून त्याच्यावर चिकटपट्टी लावली आणि वायरमनने प्रत्येक बोर्ड उघडून वाळवल्याशिवाय ती काढायची नाही, असे मला दोनदा बजावले. चार खोल्या, सोपा आणि परसू एवढे घर त्यांनी सायंकाळी साडेपाचपर्यंत फरशी दिसेल इतके साफ केले. मजूर लावून हेच काम करायला आमच्या शेजाऱ्यांना चार दिवस लागले होते, कारण त्या आठवड्यात सगळ्या शहराला मजूर हवे होते.

कागदपत्रांची गोष्ट मला स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण ती मी इतर कोणाकडून कधी ऐकली नव्हती. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आमचे खरेदीखत, वडिलांच्या नोकरीचे कागद, माझी पदवीची प्रमाणपत्रे आणि लग्नाचा अल्बम होता. सगळ्याचा मिळून एक ओला ठोकळा झाला होता. मी तो उन्हात ठेवून पाने सोडवायला लागले, तेव्हा सिस्टरने माझा हात धरला. ओले कागद ओढून सुटे करू नयेत, फाटतात, आणि तसेच ठेवले तर दोन दिवसांत बुरशी धरते. तिने सगळे कागद स्वच्छ पाण्यात हलकेच विसळले, पातळ गठ्ठे करून प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले, प्रत्येक पिशवीवर आमचे नाव आणि आत काय आहे ते लिहिले, आणि विश्रामबागेतल्या स्वतःच्या घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवले. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, त्यामुळे घाई राहत नाही. पुढे तीन आठवड्यांनी, आमचे घर जरा ताळ्यावर आल्यावर, मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या फ्रीजरमध्ये आमच्यासारख्या अनेक घरांच्या पिशव्या होत्या आणि कुटुंबाचे स्वतःचे दूध-भाजी एका कोपऱ्यात सरकवलेले होते. आम्ही दोघींनी एकेक गठ्ठा हळूहळू वितळू दिला आणि पानांमध्ये टिपकागद घालून ते पंख्याखाली वाळवले. खरेदीखताची शाई पसरली होती, पण शिक्का आणि सह्या वाचता येत होत्या. अल्बममधले फोटो मात्र गोठवले नव्हते. ते त्या पहिल्याच दिवशी मुलीने परसातल्या टबात, थंड पाण्यात, कडांना धरून एकमेकांपासून सोडवले होते आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर चिमट्यांनी लावले होते. चाळीसपैकी एकतीस वाचले. माझ्या वडिलांचा मुंडावळ्या बांधलेला फोटो त्यात आहे, आणि तो आता आईच्या उशाशी असतो.

गाद्यांच्या बाबतीत आमचा मतभेद झाला. प्लायवूडचे सामान फेकून द्या, ते फुगले की पुन्हा सरळ होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले. कापसाच्या गाद्याही त्यांनी फेकायला सांगितल्या. आईच्या लग्नातल्या दोन गाद्या होत्या, आणि कापूस पिंजून घेतला की गादी नवी होते हे आमच्या पिढ्यांचे ज्ञान आहे. सिस्टरचे म्हणणे असे की सांडपाणी मिसळलेले पुराचे पाणी आठवडाभर ज्या कापसात मुरले, तो पिंजला तरी आतून स्वच्छ होत नाही आणि पिंजणाऱ्याच्या छातीत ती धूळ जाते. शेवटी गाद्या गेल्या. आज मागे वळून पाहता तिचे बरोबर होते असे मला वाटते, पण त्या दिवशी तिने हे ज्या शास्त्रीय कोरडेपणाने सांगितले त्याने आईला फार लागले, आणि इथे एखाद्या स्थानिक बाईने बोलायला हवे होते. पुढे त्यांनी तसा बदल केला, हे मी २०२१ च्या अनुभवात सांगेन.

आरोग्याच्या बाजूने मात्र सिस्टरचे काम निर्दोष होते. परसातला हौद आधी पूर्ण उपसून, आतून घासून घेतला, मग टँकरचे पाणी भरून त्यात ब्लीचिंग पावडर मोजून टाकली. स्वच्छ पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम हे साधारण प्रमाण, पण पाणी गढूळ असेल तर ते पुरत नाही, म्हणून तासाभराने पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीची बाटली काढून पिवळा रंग येतो का हे तिने आम्हाला दाखवले आणि ती बाटली आमच्याकडेच ठेवली. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कसा पसरतो, पायाला साधा ओरखडा असला तरी गमबुटाशिवाय गाळात का उतरू नये, आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कुणी व कधी घ्याव्यात हे आरोग्य खात्याच्या माणसालाच का विचारावे, हे तिने गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून समजावले. स्वतः गोळी कुणालाही दिली नाही. आपल्या हद्दीची ही जाण मला महत्त्वाची वाटते.

धर्माचा प्रश्न गल्लीत निघाला, तो मी टाळणार नाही. समोरच्या एका काकांनी मला स्पष्ट विचारले की हे लोक शेवटी काय मागणार आहेत. मी तोच प्रश्न जरा सौम्य करून साहेबांना विचारला. ते म्हणाले, “आम्ही येशूला मानतो म्हणून येतो. तुम्ही कुणाला मानता हे आम्हाला विचारायचे कारण नाही.” दोन पुरांत मिळून मी त्यांना पाच दिवस काम करताना पाहिले. कुणाच्या हाती पुस्तिका दिलेली मी पाहिली नाही. रोज सकाळी टेम्पोजवळ, म्हणजे आमच्या उंबऱ्याबाहेर, ते मिनिटभर डोळे मिटून उभे राहत आणि जेवणाआधीही तसेच. त्यांच्यासोबतच्या मुलांत हिंदू, मुसलमान, जैन सगळे होते, ज्याला उभे राहायचे तो राही, बाकीचे डबे उघडत. २०१९ मध्ये गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. भिंती ओल्या होत्या तरी आईने दीड दिवसाचा गणपती बसवलाच आणि या कुटुंबाला जेवायला बोलावले. सिस्टरने आधीच फोन करून सांगितले की देवापुढचा नैवेद्य आम्ही घेत नाही, ते आमच्या श्रद्धेत बसत नाही, पण तुमच्या घरी जेवायला आम्हाला यायचे आहे, चालेल का. आईला हे सरळ बोलणे आवडले. तिने मोदकांचे दोन घाणे वेगळे उकडले, एक नैवेद्याचा आणि एक पाहुण्यांचा, आणि दोन्ही पक्षांनी आपापले पाळून एकाच पंगतीत जेवण केले.

त्या जेवणात साहेबांनी त्यांच्या आजीची हकीकत सांगितली. ते नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांतातले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रावरचे वादळ आणि मोठी भरती एकत्र आली, बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मेली. पुढे समुद्राची मुखे अडवणारी मोठी धरणे आणि दरवाजे त्यांनी दशकानुदशके बांधले. साहेबांच्या सांगण्याचा भर मात्र वेगळ्या गोष्टीवर होता. पूर ओसरल्यावर नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांनी लाकडी घरांचे सुटे भाग पाठवले होते, ते तिथे आणून जोडले आणि बेघरांना दिले. आजीला असेच एक घर मिळाले आणि साहेबांचे वडील त्यात वाढले. ज्यांनी ते घर पाठवले त्यांची नावे आजीला कधी कळली नाहीत. आईने हे सगळे माझ्याकडून नीट समजावून घेतले आणि एवढेच विचारले की ते घर अजून आहे का. आहे, असे ते म्हणाले, दुसऱ्या कुणाचे तरी.

उणिवा सांगितल्या नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. पहिली आणि सगळ्यात गंभीर चूक पंचनाम्याची होती. २०१९ मध्ये पूरबाधित कुटुंबांना शहरात १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते, आणि वस्तूंच्या नुकसानीचे वेगळे पंचनामे चालू होते. आमच्या मागच्या बोळातल्या एका घरातले सगळे भिजलेले सामान या गटाने पंचनामा होण्याआधीच बाहेर काढले आणि गाळाबरोबर ते उचलले गेले. नंतर त्या माणसाला आपले काय काय गेले हे दाखवता येईना. त्याचा राग रास्त होता. साहेबांनी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण माफीने शिलाई यंत्र परत येत नाही. दुसरी चूक जुन्या वाड्यांची. पांढऱ्या मातीत बांधलेल्या भिंतीवर जोराच्या पाण्याचा फवारा मारला की सांध्यातली माती वाहून जाते, आणि एका वाड्यात नेमके तेच झाले. आपल्या गवंड्यांना विचारले असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते. तिसरी उणीव नोंदणीची. ती फक्त फोनवर होते, आणि ज्या म्हातारीचा फोनच पाण्यात गेला तिचे नाव यादीत येत नाही. आमच्या गल्लीत अशी दोन घरे सुटली होती, ती आम्ही नंतर सांगून जोडली.

चौथी गोष्ट चूक नाही, धोरण आहे, पण मला ते मान्य नाही. ते फक्त राहती घरे साफ करतात, दुकाने आणि कारखाने नाही. मोठ्या पेठेतल्या व्यापाऱ्याचा विमा असतो, त्याला माणसे मिळतात, हे खरे. पण गावभागात घर आणि पोटाचे साधन एकाच छताखाली असते. पुढच्या खोलीत शिंपीकाम, मागे बिऱ्हाड. २००५ मध्ये हरिपूर आणि सांगलवाडीच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून हळद कुजली, तेव्हा बुडालेल्या हमालांची आणि छोट्या अडत्यांची घरे साफ करून त्यांचे पोट भरले नसते. किमान एका खोलीत चालणारे धंदे तरी या सेवेत यावेत असे मी साहेबांना सांगितले आहे, आणि त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. या वेळी आम्ही सामान माडीवर हलवले होते आणि घरात कमरेइतकेच पाणी होते, तरी गाळ तोच. करोनाचे दिवस होते, त्यामुळे गट लहान, सगळ्यांच्या तोंडाला मुसके, आणि एका घरात एका वेळी सहाच माणसे. पण कामाची घडी पुष्कळ सुधारलेली होती. दारात आल्यावर आधी प्रत्येक खोलीचे चारी बाजूंनी फोटो, मग भिजलेल्या वस्तूंची यादी, त्यावर घरच्यांची सही, आणि पंचनामा झाला आहे की नाही हे विचारून मगच घमेले आत. पंचनामा बाकी असेल तर सामान बाहेर न टाकता ताडपत्रीवर रचून ठेवायचे. वाड्यांसाठी फवारा बंद, फक्त ओल्या पोत्याने पुसणे, आणि गटात आता गावभागातलाच एक गवंडी. गाद्या, कपडे, आहेराच्या साड्या यांच्याविषयी बोलायला मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका सोबत होत्या. त्या आईशेजारी बसल्या, दोघींनी प्रत्येक साडी उलगडून पाहिली आणि काय ठेवायचे ते आईनेच ठरवले. टीका ऐकून घेऊन दोन वर्षांत एवढे बदलणारी सेवा मी फार थोडी पाहिली आहे.

त्याच आठवड्यात सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या होत्या आणि गटातल्या काही मुलांना तिकडे धावायचे होते. साहेबांनी त्यांना थांबवले. ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे आपल्याला शिक्षण नाही, अरुंद घाटरस्त्यावर आपला टेम्पो त्या लोकांना अडचणच होईल, असे ते म्हणाले, आणि त्यांनी गमबूट, हातमोजे व दोन जनरेटर तिकडे जाणाऱ्या पथकाबरोबर पाठवले. काही मुले नाराज झाली. मला तो निर्णय योग्य वाटला.

सेवेला शुल्क नाही. आईने पहिल्या वर्षी पाकीट पुढे केले ते त्यांनी घेतले नाही, पण मुलांसाठी केलेला पिठलं-भाताचा डबा आनंदाने घेतला. पैसा कुठून येतो हेही मी विचारले होते. परदेशातून येणाऱ्या देणग्यांना २०१० चा कायदा लागू होतो आणि त्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय त्या घेता येत नाहीत, म्हणून मायदेशातल्या चर्चकडून त्यांनी एक रुपयाही मागवला नाही. अवजारे साहेबांच्या पगारातून घेतली, डिझेल आणि ब्लीचिंग पावडर इथल्या दोनतीन दुकानदारांनी दिली, आणि जमाखर्चाची वही कुणीही मागितली तर पाहायला मिळते. मी पाहिली आहे. २०१९ च्या पानांवर आमच्या घरासमोर ‘हातमोजे ११ जोड, पावडर ४ किलो’ अशी नोंद आहे.

ज्यांचे घर पूरपट्ट्यात आहे त्यांनी जूनमध्येच नाव नोंदवावे, पाणी उतरण्याची वाट पाहू नये, असा माझा सल्ला आहे. आधी नोंद असेल तर गटातले कोणीतरी कोरड्या दिवसांत येऊन घर पाहून जाते. भिंत कशाची आहे, हौद कुठे आहे, घरात कोण आजारी आहे हे लिहून घेते. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात साहेबांचा मुलगा आला होता. तो आता मोठा झाला आहे आणि त्याचे मराठी माझ्या भाच्यांइतके सफाईदार आहे. सोप्यातल्या भिंतीवर आईने २०१९ च्या पाण्याची रेघ गेरूने ओढून ठेवली आहे आणि तिच्या खाली २०२१ ची. त्याने टेप काढून दोन्ही मोजल्या आणि विजेचा बोर्ड वरच्या रेघेच्या दीड फूट वर घ्या असे सांगितले. आई म्हणाली, मग माझा हात कसा पुरेल. त्यावर दोघांनी मिळून मधला मार्ग काढला. मुख्य बोर्ड वर गेला, आणि आईच्या पलंगाजवळच्या दिव्याचे बटण वरून लोंबणाऱ्या वायरला लावले. वायरमन मागच्या रविवारी काम पूर्ण करून गेला.